काउंटरवरचं 'नाही'

मला बसून करायचं काम पाहिजे होतं. नखांचा धंदा सुरू करण्यामागं एवढंच कारण. बाकी कर्ज मागताना बँकेतल्या पोराला मी जे काही ऐकवलं, गिऱ्हाईक वाढेल, बायकांची सोय होईल, ती सगळी तोंडाची वाफ.

माझं दुकान इंग्लंडात, ग्रिम्सबी बंदराच्या गोदीमागं आहे, 'कोस्टा डेल डॉक'. नाव नवऱ्यानं ठेवलं, स्पेनच्या उन्हाळी किनाऱ्यांवरून. नाव ठेवलं आणि वर्षभरात गडी खऱ्या स्पेनला निघून गेला, तो गेलाच. मागं राहिले सनबेड आणि मी. लोकांना वाटतं टॅनिंगच्या, म्हणजे गोरी कातडी दिव्यांखाली तांबूस करून द्यायच्या दुकानात मालकिणीला काय काम, गल्ल्यावर बसायचं आणि टोकन द्यायचं. बसायचं कुठलं डोंबल! एक बाई आत जाते, कपडे काढून त्या नळ्यांखाली पडते, लाल होऊन निघते आणि घामानं थबथबलेली काच माझ्यासाठी ठेवून जाते. मग मी फवारा आणि फडकं घेऊन आत. वाका, पुसा, वरचं झाकण पुसा, डोळ्यांवर लावायचा चष्मा धुवा, तोवर पुढची दारात उभी. "झालं का गं ग्लेंडा? मला पोराला शाळेतून आणायचंय." झालं बाई, झालं. माझंच व्हायचं राहिलंय.

कारण डावा खुबा गेलेला. डॉक्टरनं फोटो दाखवला आणि म्हणाला, हाडावर हाड घासतंय. मी म्हटलं, "मला ते जिना चढताना ऐकू येतं, फोटो कशाला दाखवता?" खुबा बदलायच्या ऑपरेशनसाठी इस्पितळाच्या रांगेत नाव लागलं. ती रांग कशी सरकते ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. दोन हिवाळे गेले, दोन उन्हाळे गेले, मी आपली फडकं घेऊन वाकतेच आहे. त्यात विजेचं बिल असं यायला लागलं की सनबेड चालू केला की माझ्याच पोटात आग पडायची.

नखांचं खूळ माझ्या पोरीचं, कार्लीचं. ती दाताच्या दवाखान्यात गिऱ्हाइकांना तारखा देते, आणि घरी येऊन मला अक्कल देते.

"मम, तुझ्याकडं टॅन करणारी प्रत्येक बाई इथून निघते ती नखं करायला पुढच्या गल्लीत जाते. तुझ्या डोळ्यांदेखत पैसा चालत जातो."

"जाऊ दे. मला चालता येत नाही, पैशाला तरी येतं."

"आणि ते काम बसून करतात."

एवढं बोलली मात्र, मी दुसऱ्या दिवशी क्लासला नाव घातलं.

क्लासात सगळ्या मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या मैत्रिणी. मास्तरीणही कार्लीपेक्षा लहान, पण जीभ मोठी. "नखांवरचं जेल कातडीला लागू देऊ नका. हातमोजे काढू नका. ग्लेंडा, हातमोजे!" आता या जाड्या बोटांवर हातमोजा चढवला की ब्रश लाकडाचा आहे की लोखंडाचा तेच कळत नाही. रंगवायला जायचं नख आणि रंगायचं बोट. तिची पाठ फिरली की मी मोजे काढायची. दुकानात तर मास्तरीण नव्हतीच.

मागचा एक जुना सनबेड भंगारात दिला, तिथं टेबल मांडलं, दोन खुर्च्या, जेल सुकवायचा छोटा दिवा. आणि मी बसले. देवाशपथ सांगते, पहिल्या दिवशी रडूच यायचं बाकी होतं. दुपारचे दोन वाजले तरी माझा खुबा काही बोलत नव्हता.

पहिली आली हेझल. मासे कापायच्या कारखान्यात हॅडॉक माशांच्या टेबलाशी उभी असते, माझ्यासारखीच आयुष्यभर उभी. दर शुक्रवारी सनबेडला येणारी, दुकान उघडल्यापासूनची.

"हाताला वास येतोय गं," म्हणाली आणि हात मागं लपवले.

"या गावात कुणाच्या हाताला येत नाही? आण इकडं."

इतक्या वर्षांत तिचा हात मी पहिल्यांदा धरला. आमच्या धंद्यात कुणी कुणाला धरत नाही. टोकन घ्यायचं, दार लावून घ्यायचं. पण नखं करायची म्हणजे तासभर समोरासमोर बसायचं, तिचा हात माझ्या हातात. आणि हात धरला की बाई बोलतेच. हेझलनं नवऱ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, मग दुसऱ्या हाताचा अंगठा पुढं करत सहज म्हणाली, "सांधे धरलेत माझे. गोळ्या चालू आहेत. डबीवर लिहिलंय, उन्हात जाऊ नका म्हणून. ग्रिम्सबीत! मी म्हटलं, ऊन आणून तर द्या आधी." आणि खो खो हसली. मीही हसले.

आता काउंटरचं सांगायला पाहिजे. टोकन देण्याआधी प्रत्येकीला विचारावं लागतं: औषधं चालू आहेत का (काही गोळ्यांवर हे दिवे कातडी भाजून काढतात), कातडीला काही त्रास, मागच्या खेपेला भाजलं होतं का. आणि प्रत्येकजण म्हणते, नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत, डोळे टोकनवर ठेवून. नाही, नाही, नाही. त्या 'नाही'चा सूर मी झोपेतही ओळखीन. तिनं म्हणायचं आणि मी ऐकलं असं धरून टोकन सरकवायचं, हीच रीत. पुढच्या शुक्रवारी हेझल आली. मी मान खाली घालून विचारलं, "औषधं?" "नाही." टोकन दिलं. नखांच्या खुर्चीतलं बोलणं खुर्चीत, काउंटरवरचं काउंटरवर. तेव्हा मला हे शहाणपणाचं वाटलं होतं.

धंदा चालला. शाळेच्या निरोपाच्या नाचाला पोरी आल्या, लग्नाच्या वऱ्हाडणी आल्या, टॅन आणि नखं एकाच फेरीत. आणि मग माझी बोटं खाजायला लागली.

आधी वाटलं फवाऱ्यातल्या औषधानं असेल. मग टोकं सोलली, भेगा पडल्या, टोमॅटो चिरला की डोळ्यात पाणी. मी टॅनचं लोशन लावून लाली झाकली, दुकानात त्याला काय तोटा! पण ते भेगांत जास्तच चढतं. हेझल एकदा म्हणालीसुद्धा, "बोटांना काय झालं गं तुझ्या? गाजरं झालीत."

"काही नाही."

कार्ली मात्र खमकी. रविवारी जेवताना माझा काटा धरलेला हात तिनं उलटा केला.

"मम, ही जेलची ॲलर्जी आहे."

"भांडी घासून झालंय."

"भांडी मी घासते! आमच्याकडं एक बाई आली होती, अशीच नखं करणारी. तिच्या दातात काही भरता येईना, कारण दातात भरतात ते याच जातीचं असतं." मग हळू आवाजात म्हणाली, "खुबा बसवताना हाडात भरतात ते सिमेंटही. मी आमच्या डॉक्टरना विचारलं. तू इस्पितळात सांगायला पाहिजेस."

ऑपरेशनची तारीख येऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा. दोन वर्षांनी आलेली तारीख. मी बटाट्याचा डोंगा तिच्यापुढं असा आदळला की रस्सा मेजावर सांडला.

"सांगितलं तर तारीख जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे? तुझा खुबा आहे का? रात्री कुशीवर वळताना तू ओरडतेस का? उचलली जीभ, लावली टाळ्याला! दुसऱ्या कुणाला देतील माझी जागा, आणि मी परत रांगेच्या शेपटाला. एक शब्द काढशील तर बघ."

तिनं काढला नाही. मेज पुसलं आणि ताटं घेऊन गेली. करायला गेले बसायची सोय, आणि झालं हे असं. मी ठरवलं होतं, ऑपरेशन होऊ दे, मग बघू काय ते.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला गेले. एक तरुण नर्स, केस घट्ट बांधलेले, डोळ्याखाली काळं, सकाळपासून माझ्यासारख्या कितीतरी लंगड्या निपटलेल्या. कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत एकेक विचारत होती आणि बटणं दाबत होती. हृदय? ठीक. दम? नाही. सिगारेट? सोडली.

"कशाची ॲलर्ज..."

"नाही," मी म्हणाले.

तिचा प्रश्न पुरा झाला नव्हता. माझे डोळे पडद्यावर होते, जिथं माझी तारीख लिहिली होती. आणि ते 'नाही' माझ्याच कानावर आलं तेव्हा मी चपापले, कारण हा सूर मी वीस वर्षं ऐकत आलेय. शुक्रवारच्या हेझलचा सूर, नाचाला निघालेल्या पोरींचा सूर. आणि समोर ती पोर मान खाली घालून बटण दाबायला निघालेली, अगदी मी टोकन सरकवते तशी. तिनं ऐकलं असं धरलं. माझ्या हाडात काय भरतील ते भरतील, ती घरी जाऊन झोपेल, आणि तिचं काही चुकलेलं नसेल.

मला संताप आला. तिचा नाही, माझाच.

"थांब, राणी. ते 'नाही' खोड."

"काय?"

मी दोन्ही हात तिच्या टेबलावर ठेवले. "हे लोशन आहे, रंगावर जाऊ नकोस. खालचं बघ. मी नखं करते. जेलनं झालंय."

तिनं बोटं बघितली, मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. "बरं झालं बोललात," म्हणाली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आधी कातडीच्या डॉक्टरकडून तपासण्या, मग सिमेंट घालायचं की बिनसिमेंटचा खुबा बसवायचा ते सर्जन ठरवणार, तोवर ही तारीख सोडावी लागेल. ती फार गोड बोलली. मी बसमध्ये बसेपर्यंत रडले नाही, मग मात्र घर येईपर्यंत रडले. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणणाऱ्याला एकदा माझा खुबा लावून बघा.

नखांच्या टेबलावर चादर टाकली. फवारा घेतला, फडकं घेतलं, बोटांवर जाड मोजे. परत वाका, परत पुसा.

शुक्रवारी हेझल आली. पुतणीचं लग्न होतं, तिला रंग चढवायचा होता. पैसे काउंटरवर ठेवून म्हणाली, "दहा मिनिटांचं दे."

"औषधं चालू आहेत?"

"नाही."

माझा हात टोकनच्या डब्यात होता. तो तसाच बाहेर आला, रिकामा.

"हेझल, गोळ्या चालू आहेत तुझ्या."

तिचा चेहरा सनबेडशिवायच लाल झाला. "ते मी नखं करताना सांगितलं होतं! तुला, मैत्रीण म्हणून! आता ते काउंटरवर काढतेस होय?"

"होय."

"इतके शुक्रवार दिलंस की! तेव्हा बरं चाललं? आणि आजच कुठली उपरती झाली? लग्न आहे माझ्याकडं!"

"तेव्हा द्यायला नको होतं."

"पुढच्या गल्लीत देतील मला, एक शब्द न विचारता."

"देतील. जा मग."

ती दारापर्यंत गेली. मी मागं बोलावलं नाही. उभं राहायचं त्राण नव्हतं, भांडायचं कुठून आणू? काउंटरला टेकून उभी राहिले. ती दाराशी वळली.

"बरं, रंग नाही तर नखं तरी कर," ती शेवटी कुरकुरली. "उघडे हात घेऊन जाऊ का लग्नात?"

मी मोजे काढले आणि बोटं दाखवली.

ती परत आत आली. माझा हात तिनं तिच्या त्या थंड, माशाच्या वासाच्या हातात धरला आणि उलटसुलट करून बघितला. "आणि मी विचारलं तेव्हा काही नाही म्हणालीस," ती म्हणाली.

"म्हणाले."

"मग तुझ्या खुब्याचं काय?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हात सोडला नव्हता. मग तिनं चादर बाजूला केली, टेबलाकडची खुर्ची ओढत काउंटरच्या आत आणली आणि मला खांदे धरून तीत बसवलं. आतल्या खोलीतून एक गिऱ्हाईक बाहेर पडलं तसं फवारा आणि फडकंही तिनंच उचललं.

"कधी करणार मग ऑपरेशन?" तिनं आतून काच पुसता पुसता विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

हे 'नाही' मात्र खरं होतं.