समुद्र पाहून आलेलं खुरपं

मी एक जुनं खुरपं आहे. पण मित्रांनो, नाक मुरडू नका. समुद्र पाहून आलेलं खुरपं आख्ख्या पन्हाळा तालुक्यात दुसरं सापडायचं नाही. थोडी बढाई माझ्या अंगात आहे, ती आधीच कबूल करतो.

कोडोलीच्या लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या पाट्यातून घडवलं, बाभळीची मूठ बसवली आणि १९९१ च्या पावसाळ्याआधी सरुबाईच्या हातात दिलं. पिकातलं तण काढायचं म्हणजे भांगलण. ती आमच्याकडे बायकाच करतात, आणि जिचं खुरपं तिलाच. अर्धी भाकरी देतील, पण खुरपं कुणी कुणाला देत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की मूठ त्या एका हातापुरती झिजते. दुसऱ्या हाताला ती टोचते. सरुबाईचा नि माझा असा छान जम बसला होता. बायांच्या रांगेत तीच सगळ्यांच्या पुढे असायची. हरळी असो की लव्हाळा, आम्ही कुणाची गय केली नाही. सरूच्या खुरप्याला डोळे आहेत, असं बाया म्हणायच्या आणि मी फुगायचो.

तिचा नवरा कृष्णात मुंबईला लॉन्ड्रीत कामाला होता. १९९७ साली त्याला परदेशी प्रवासी जहाजावर कपडे धुण्याचं काम मिळालं. दहा महिने पाण्यावर राहायचं होतं. जून महिना होता आणि भुईमूग नुकताच उगवला होता. लोखंड जवळ असलं की वाईट काही शिवत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. बाळंतिणीच्या उशाशीसुद्धा विळा ठेवतात. सरुबाईला समुद्राची भारी धास्ती. तिने मला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि नवऱ्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. स्वतःसाठी बाजारातून नवं खुरपं आणीन, असं तिने त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. जन्मात कधी भांगलण न केलेल्या माणसाला मुठीचं काय कळणार? मला मात्र तिथेच कळलं की यंदा भुईमुगाचं काही खरं नाही.

पहिले दोन महिने मी पेटीतच होतो. खाऱ्या हवेने अंगावर गंज चढला. मग एका तपासणीत साहेबांना मी सापडलो. त्यांनी मला दोन बोटांत धरलं, हे हत्यार आहे म्हणाले आणि समुद्रात टाकून द्यायला सांगितलं. कृष्णातचं इंग्रजी बेताचंच. तो हात जोडून साहेबांना वरच्या डेकवर घेऊन गेला. तिथे शोभेच्या झाडांच्या मोठ्या कुंड्या होत्या. एका कुंडीपाशी तो उकिडवा बसला आणि माझ्या टोकाने मातीतलं गवत मुळासकट काढून दाखवलं. मित्रांनो, ती आपली हरळीच होती! भर समुद्रात हरळी बघून मला असा आनंद झाला म्हणून सांगू! वैरी खरी, पण गावाकडची.

साहेब हसले. तेव्हापासून रोज सकाळी तासभर कुंड्या भांगलायचं काम कृष्णातकडे आलं, आणि मी जग पाहिलं. जहाजावरची माणसं पोटभर जेवायची, जेवण जिरवायला डेकवर फेऱ्या मारायची आणि भूक लागली म्हणून पुन्हा जेवायला जायची. एसटीत आपण रुमाल टाकतो ना, तसा खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरायची आणि निघून जायची. खलाशी सांगायचे, जहाजाच्या बुडालाही शेवाळ धरतं, ते खरवडून काढावं लागतं. चला, म्हणजे तण इथेही कुणाला सोडत नाही, असं मी मनात म्हटलं.

माझी मूठ कृष्णातच्या तळहाताला रोज टोचायची. लोहाराने काम नीट केलं नाही, असं तो बडबडायचा. मला सरुबाईच्या हाताची काळजी लागलेली. तिच्या पत्रात दर वेळी एकच असायचं, इकडे सगळं बरं आहे.

एप्रिलात आम्ही परतलो. शेजारच्या अंबूबाईने पहिल्याच दिवशी कृष्णातला खरं काय ते सांगून टाकलं. नव्या खुरप्याने सरुबाईच्या हाताला फोड आले, ते पिकले, महिनाभर हात गळ्यात बांधावा लागला. तेवढ्यात तणाने खालच्या तुकड्यातला भुईमूग पार गिळला. कृष्णातने बायकोचा तळहात उघडून पाहिला. मग आपला पाहिला. लोहाराला नावं ठेवणं त्या दिवसापासून बंद झालं.

जून आला, कृष्णातची पुन्हा जहाजावर निघायची वेळ झाली. सरुबाईने मला पुन्हा पेटीत ठेवलं. कृष्णातने बाहेर काढलं. तिने पुन्हा ठेवलं. शेवटी तो मला घेऊन दारात बसला. गंज घासला, धार लावली, खोबरेल तेल चोळलं आणि मला तिच्यापुढे धरलं.

"पाण्यावर जाताय, लोखंड जवळ असू द्या की," ती म्हणाली.

"मला दर्या खात न्हाय, सरू. हितं तुला तण खातंय. ह्ये तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे."

एसटी गेल्यावर सरुबाई घरी गेली नाही, तशीच रानात आली. ती रडत रडत भांगलत होती. त्या दिवशी मी हरळीची एक काडीसुद्धा मागे सोडली नाही.

आता रानात तणनाशक मारतात आणि मी वळचणीला खोचलेला असतो. माझी तक्रार नाही. फक्त एक ऐका. घरातलं जुनं हत्यार भंगारात टाकण्याआधी त्याची मूठ एकदा हातात धरून बघा. टोचली, तर ती कुणाच्या हाताने झिजली ते विचारा. मला तेल नंतर लावलंत तरी चालेल, मित्रांनो. आधी तो हात बघा.