हत्ती, बाण की मुकुट

सूनबाईला नर्सरीसाठी जुनी डिझेल पिकअप घ्यायची आहे, ही बातमी घराबाहेर फुटली आणि ओळखीतला प्रत्येक माणूस एकाएकी गाड्यांतला जाणकार झाला. दूधवाला म्हणाला, बाणवालीच घ्या, डिझेल नुसतं हुंगते. नळ दुरुस्त करणारा म्हणाला, बाण म्हणजे पत्र्याचा डबा, दोन वर्षांत दारातून रस्ता दिसायला लागतो; घ्यायची तर मुकुटवाली. नवराही मुकुटाच्या बाजूचा होता, पण त्याचं कारण एवढंच की तिचा एसी चांगला असतो. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळा दिवस बंद खोक्यात वर-खाली करून त्याला थंड हवेचं फार अप्रूप होतं.

कंपन्यांची खरी नावं कुणी घेत नसे. बॉनेटवर जे चिन्ह, ते नाव. आणि हत्तीवालीचं नाव घरात काढायची गरजच नव्हती, कारण सासऱ्यांचं सगळं आयुष्य हत्तीच्या पोटाखाली उताणं पडून गेलं होतं.

सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांचं गॅरेज घरामागेच होतं. त्यांच्या हातापेक्षा कानाची ख्याती जास्त. गाडी आली की 'चालू करा' म्हणायचे, डोळे मिटायचे आणि हातही न लावता सांगायचे की दुखणं कुठे आहे. मग एक दिवस अचानक त्यांनी शटर ओढलं. थकलो म्हणाले. रिकामी जागा सूनबाईने मागितली, त्यांनी मान हलवून दिली, आणि तिने तिथे रोपं मांडली. बघता बघता नर्सरी चांगली चालायला लागली. पण भाड्याच्या टेम्पोवाल्यांना रोपांची कणव नसते. उंच झाडांचे शेंडे वाऱ्याने मोडायचे, कुंड्या कलंडायच्या. स्वतःची गाडी हवीच होती.

तिच्या मनाला एक गोष्ट मात्र टोचत होती. नर्सरी सुरू झाल्यापासून मिस्त्री तिच्याशी धड बोलत नव्हते. "बाबा, चहा टाकू?" म्हटलं तर उत्तर नाही. "बाबा, जरा पाइप धरता का?" तर पाठ फिरवून चालू पडायचे. आपल्या गॅरेजच्या जागी सुनेने झाडं लावली हे त्यांना रुचलेलं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, ते पहिल्यापासून तसेच." ते पहिल्यापासून तसे नव्हते, हे तिला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना इतके विनोद सांगितले होते की हसता हसता तिने गाडी कुंपणात घातली होती.

म्हणून जेवताना ते एकदम, "गाडी बघायला मी येतो," म्हणाले, तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

पहिली बघितली ती बाणवाली. मालक भाजीचा व्यापारी. मिस्त्रींनी गाडीकडे न बघता आधी बॉनेटवर तळवा टेकवला. बॉनेट गरम होतं.

"आम्ही यायच्या आधी फिरवून आणलीत?"

"छे हो! उन्हात उभी आहे ना."

मिस्त्रींनी आभाळाकडे बोट दाखवलं. सकाळपासून ढग होते. थंड इंजिन चालू व्हायला कुरकुरतं, म्हणून विकणारे ते आधीच तापवून ठेवतात, हे त्यांनी सूनबाईला परतताना सांगितलं. पुष्कळ दिवसांनी ते तिच्याशी एवढं बोलले. तिला बरं वाटलं.

दुसरी होती हत्तीवाली. जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या आवारात, चकचकीत बूट घातलेल्या विक्रेत्याकडे. गाडी बघताच मिस्त्रींचा चेहरा माहेरची माणसं भेटावी तसा झाला. ते खाली वाकले, गुडघे कुरकुरत असतानाही आडवे झाले, चासीला गंज नाही, स्प्रिंगचे पाटे शाबूत आहेत, बघून बाहेर आले आणि पँट झटकत म्हणाले, "बस. चालू कर."

सूनबाईने चावी फिरवली. इंजिन लगेच चालू झालं. आणि त्याच्या घरघरीखालून, अगदी तळातून, तिला एक आवाज आला. ठक्. ठक्. ठक्. कुणी तरी तळघराचं दार वाजवत असल्यासारखा. तिने ॲक्सलरेटर दाबला, तशी ठकठक वाढली. नर्सरीतला पाण्याचा पंप बंद पडला, त्याच्या आधी त्यातून असाच आवाज यायचा.

तिने काचेतून बघितलं. मिस्त्री डोळे मिटून उभे होते, चेहऱ्यावर तृप्ती.

"ऐकलंस?" ते डोळे उघडून म्हणाले. "घड्याळ आहे, घड्याळ!"

विक्रेत्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर बुटांकडे वळवली. ती नजर सूनबाईला दिसली. आवाज त्यालाही माहीत होता. मिस्त्री तो पकडणार अशीच त्याची खात्री होती.

"मिस्त्रींनी पास केली म्हणजे विषयच संपला," तो हसून म्हणाला. "कागद काढू?"

तिने इंजिन बंद केलं. या माणसासमोर बाबांना खोटं पाडायचं? ते तिच्याच्याने झालं नसतं.

"मला रंग नाही आवडला," ती म्हणाली.

"काय?" मिस्त्री जवळ आले.

"रंग. रंग नाही आवडला."

"रंग बघून गाडी घेतात?" मिस्त्री कडाडले. विक्रेता मोठ्याने हसला, बायकांचं असंच असतं, असं काहीसं बोलला. सूनबाईने ते गिळलं आणि फाटकाबाहेर चालू लागली.

रस्त्यावर मिस्त्री तिला मागे टाकून तरातरा पुढे निघाले. रागाने पाठ ताठ झाली होती. मागून सामानाने लादलेला एक ट्रक आला. हॉर्न वाजला. मिस्त्री हलले नाहीत. पुन्हा वाजला, लांबलचक. तरी ते रस्त्याच्या मधूनच चालत राहिले. सूनबाई धावली आणि दंडाला धरून तिने त्यांना बाजूला खेचलं. ट्रक धुरळा उडवत निघून गेला. मिस्त्रींनी आधी ट्रककडे पाहिलं, मग तिच्याकडे. रंगेहाथ सापडलेल्या माणसासारखे ते खाली बघू लागले.

आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. न टाकलेले चहा. न धरलेला पाइप. ती नेहमी मागून, काम करता करता बोलायची.

पुढे बसथांब्यावर लाकडी बाक होता. तिने त्यांना तिथे बसवलं. स्वतः शेजारी न बसता ती समोर उकिडवी बसली, तोंड त्यांना दिसेल अशी.

"बाबा, त्या गाडीत आवाज होता."

ते म्हणाले, "कसला?"

"तळातून यायचा. ठक ठक. ॲक्सलरेटर दिला की वाढायचा."

मिस्त्रींनी बाकाच्या फळीवर बोटाचं पेर आपटलं. "असा?" मग नखाने टकटक केलं. "की असा?"

"पहिला. पण अजून जड."

त्यांनी मूठ वळून फळीवर हलकेच मारली.

"हां, असा!"

"क्रँकचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "महिनाभरात रस्त्यात बसली असती." आणि थोडं थांबून, "आणि मी म्हणालो, घड्याळ."

मग ते सांगू लागले, फळीकडे बघत. आधी दाराची बेल ऐकू येईनाशी झाली. मग फोनवरची माणसं पुटपुटायला लागली. एका ओळखीच्या गाडीतला बिघाडाचा आवाज कानातून सुटला, तिचं इंजिन जागच्या जागी जाम झालं. गाडीवाला भला माणूस, चकार शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी यांनी शटर ओढलं. "मिस्त्रीचा कान गेला म्हटल्यावर मिस्त्रीत उरतं काय?"

"मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावलात."

"मी? कशाबद्दल?"

"गॅरेजच्या जागेत मी झाडं लावली म्हणून."

ते तिच्याकडे बघतच राहिले. "अगं वेडे," ते म्हणाले, "तिथे ऑइल सांडून सांडून माती काळीठिक्कर पडली होती. गवत उगवत नव्हतं. तू तिथे जास्वंद फुलवलीस. मी रोज सकाळी जाऊन बघतो आज किती उमलली. रागावेन कशाला?"

तिचे डोळे भरून आले. तिने ओढणीने नाक पुसलं आणि ते बघून मिस्त्री घाईघाईने म्हणाले, "रडू नकोस. लोकांना वाटेल मी सासुरवास करतोय."

ती रडता रडता हसली.

"घरी सांगू नकोस," ते म्हणाले.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. पण आधी गाडी घेऊ."

तिसरी गाडी एका बेकरीवाल्याची होती. मुकुटवाली. बेकरीवाला गुडघ्यांनी टेकीला आला होता, बेकरी भाच्याकडे सोपवून घरी बसणार होता. हे दोघं सकाळीच गेले. मिस्त्रींनी आयुष्यभर मुकुटवाल्यांची टर उडवली होती, त्यामुळे फाटकातून आत शिरताना त्यांचं तोंड कडू झालं होतं. पण बॉनेट गार होतं, आणि मागचा सामानाचा हौदा इतका खाली की कुंडी कमरेइतकी उचलली तरी आत सरकवता येईल. सूनबाईला तो बघूनच आवडला.

"चालू करायला यांना सांगू," ती म्हणाली. "मी तुमच्याजवळ उभी राहते."

बेकरीवाल्याने चावी फिरवली. मिस्त्रींनी उघड्या बॉनेटखाली दोन्ही तळवे इंजिनावर ठेवले आणि डोळे मिटले नाहीत. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"खळखळ झाली. थांबली."

"किती वेळात?"

"एक श्वास घेईपर्यंत."

"इंजिनातली साखळी. तेल वर चढेपर्यंत करते. चालेल. आता?"

"टिकटिक. बारीक. शिलाई मशीन असतं ना, तशी."

"टॅपेट. वॉल्व्हची फट वाढलीय. घरी जुळवू. ठक्?"

ती वाकली, कान जवळ नेला, नीट ऐकलं. "नाही. ठक् नाही."

"शिट्टी?"

"आहे. सुंईऽऽ."

"मध्ये तुटते का?"

"नाही. एकसारखी जाते आणि विरते."

"मग टर्बो ठीक आहे."

बेकरीवाला खिडकीतून डोकं काढून हा संवाद ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "काका, तुम्ही स्वतःच का नाही ऐकत?"

मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. साधं, वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं.

"असं होय!" बेकरीवाला तारस्वरात ओरडला. "तर मग सांगतो, गाडी एकदम..."

"ओरडू नका हो," मिस्त्री म्हणाले. "समोर येऊन बोला."

मग त्यांनी तेलाचं झाकण काढून धूर बघितला, खाली आडवे झाले, पाट्यांवर हात फिरवला. सूनबाईने चढावर एक फेरी मारली. दुसऱ्या गिअरला थोडी खरखर होती, ती तिने सांगितली आणि बेकरीवाल्याने कबूल केली. उतरल्यावर मिस्त्री गाडीभोवती फिरले, मुकुटाच्या चिन्हापुढे थांबले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "घे. पण मी पसंत केली असं कुणाला सांगू नकोस. बाजारात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

त्या संध्याकाळी जेवताना मिस्त्रींनी वाटी बाजूला सारली आणि सगळं सांगून टाकलं. कान, शटर, हत्तीची ठकठक, सगळं. नवरा खजील झाला. वडील पहिल्यापासून तसेच, असं म्हणत इतके दिवस काढले, याचं त्याला फार लागलं. तो उठला, त्यांना आपलं तोंड दिसेल अशी खुर्ची ओढून बसला आणि त्याने त्यांच्या ताटात भाजी वाढली.

सासूबाई मात्र शांतपणे जेवत होत्या. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"तुला?" मिस्त्री म्हणाले. "कधीपासून?"

"मी तुमच्या शेजारची खुर्ची सोडून समोर बसायला लागले तेव्हापासून. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मिस्त्रींनी टेबलावरून हात पुढे केला, सासूबाईंनी तो धरला, आणि पोराबाळांसमोर हे कसलं, म्हणून लगेच सोडला.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन यंत्र आणलं. त्याने माणसांची बोलणी ऐकू येऊ लागली, पण भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून मिस्त्री ते जेवताना काढून ठेवत. टॅपेट त्यांनी सूनबाईकडूनच जुळवून घेतले. ती ऐकायची, ते पाना कुठे किती फिरवायचा ते सांगायचे. दूधवाल्याने फाटकाशी थांबून विचारलं, बाण का नाही घेतली, तर मिस्त्री आपल्याला ऐकूच आलं नाही असं दाखवून आत गेले. यंत्र तेव्हा कानातच होतं.

नव्या गाडीतून पहिला माल निघाला तो डोंगरापलीकडच्या एका शाळेच्या आवारात लावायच्या झाडांचा. सूनबाईने रोपं उभी बांधली, शेंड्यांना कापडाचा आडोसा केला. मिस्त्री न विचारताच शेजारी येऊन बसले. वाट वळणावळणाची होती. सुरुवातीला ते प्रत्येक वळणावर पायाने नसलेला ब्रेक दाबत होते आणि गिअर बदलायच्या आधी 'हं' म्हणत होते. मग 'हं' लांबत गेलं. पुढच्या चढावर तिने काही विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून तिने वळून पाहिलं.

मिस्त्री काचेला डोकं टेकून गाढ झोपले होते. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत त्यांचा डोळा कधी लागलेला नाही, हे तिला सासूबाईंनी नंतर सांगितलं. तेव्हा तिने एवढंच केलं, गाडी तिसऱ्या गिअरवर आणली, खड्डे चुकवत, हळू हळू चढाव संपवला, आणि मागे झाडं डुलत राहिली.