अंबाडीपर्यंत न थांबता

टेमघरहून निघताना रामनाथने एकच अट घातली. वाटेत गाडी बंद पडली, तर ती अंबाडीला हरेशकडे ठेवायची आणि दोघांनी एसटीने परत यायचं.

"आनि न्हाय पडली तर?" त्याच्या बायकोने, कमळाने, विचारलं.

"तर परत आनू. पन पडनार."

"तुमच्या तोंडाला काय औषध हाय का?"

हरेश हा कमळाचा भाचा. अंबाडीच्या नाक्यावर त्याने नवं हॉटेल टाकलंय. दारात काचेची खोली बांधलीय, तिच्यात त्याला एक जुनी मोटरसायकल उभी करायचीय. तांबडा रंग, वर दिव्यांची माळ. पेट्रोल नाही, किक नाही, खड्डे नाहीत. नुसतं उभं राहायचं. रामनाथला त्या अजून तिथे न पोचलेल्या मोटरसायकलचा हेवा वाटतो.

रामनाथची ही मोटरसायकल त्याच्या बापाने खाडीतल्या रेतीच्या कमाईतून घेतलेली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नाही. रामनाथलाही आता चालवता येते असं म्हणणं धाडसाचं आहे. गेलं वर्षभर ती चांगली पळते आणि मध्येच मरते. प्लग बदलला. पॉइंट बदलले. कॉइल बदलली. कार्ब्युरेटर इतक्यांदा उघडला की त्याचे स्क्रू हाताला ओळखतात. किक उलटून उजव्या नडगीवर जे बसलंय ते आता बरं व्हायचं नाही.

मुलाची, प्रितेशची, मोठी गाडी दारात असते. पण तिच्या काचा बंद. कमळाला त्यात ओकारी येते. तिचं माहेर अंबाडीला, आणि माहेरी ती जाणार तर याच गाडीवरून, एका अंगाला बसून, हवा खात.

निघण्याआधी तिने पूजा केली. वाटीत हळद-कुंकू, त्यात खोबरेल तेल, म्हणजे वाऱ्याने उडायला नको. बोटाने टाकीच्या झाकणावर जाड थापलं. पूर्वी ती दसऱ्याला फक्त पुढच्या दिव्याला टिळा लावायची. मागच्या पावसात तो टिळा धुऊन गेला आणि त्याच दिवशी रामनाथ खड्ड्यात आडवा झाला. तेव्हापासून टिळा टाकीवर, दर खेपेला. "पोट हाय तिचा," कमळा म्हणते, "पोटावर हात ठेवला का पोर रडत न्हाय."

आज तिने दोनदा थापलं.

भिवंडीतली कापडाच्या लुमांची खडखड मागे पडली, शेलार आलं, कंटेनरच्या मागे धूळ खात रामनाथने गिअर टाकला, पुढे जरा मोकळं दिसलं आणि गाडीने एक आचका देऊन

*

बंद.

किक. किक. मागून ट्रेलरचे हॉर्न. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "चाचा, म्यूझियम साइड में लगाओ!" रामनाथने गाडी कडेला ओढली. झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं. पाहणं सवयीचं होतं, तसं कपाळ पुसणंही सवयीचं. किक. किक. चालू.

"पडली," तो म्हणाला.

"ही मोजायची न्हाय," कमळा मागे बसत म्हणाली. "ट्रॅफिक व्हती."

"गाडीला ट्रॅफिक काय कळतो?"

"मानसाला कळतो तर तिला कळनार न्हाय? चला."

गोदामांची पत्र्याची रांग सुरू झाली. याच पट्ट्यात कुठेतरी रामनाथच्या बापाचं शेत होतं; आता त्यावर कुणाचे तरी फ्रिज ठेवलेत. मनगट दुखायला लागलं होतं. घरी जाऊन पडावं, इतकंच त्याला वाटत होतं, आणि घरी जायला आधी अंबाडीला पोचायला हवं होतं, आणि पोचायला

*

बंद.

किक. झाकण. पेट्रोल होतं. झाकण. किक. किक नडगीवर आली.

तो डोळे मिटून उभा राहिला. शिवी द्यायचाही कंटाळा आला होता.

"ही पन मोजायची न्हाय," कमळा हळूच म्हणाली. "चढ व्हता."

"कुठं हाय चढ?"

"थोडा व्हता."

किक. चालू. रामनाथने गाडी पुढे काढली. हरेशला काय सांगायचं ते मनात जुळवत राहिला. घे बाबा. रंग लाव. माळ लाव. नडगीला शेक देऊन मी झोपतो. अंबाडी फार लांब नव्हती. इतक्यात

*

बंद.

पण या वेळी हॉर्न नव्हते. पुढे कुठेतरी ट्रेलर आडवा झाला असावा. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा पडला होता. रामनाथ उतरला. आता कमळाकडेही कारण उरलं नव्हतं. ती पदराने तोंड पुसत उभी होती.

त्याने सवयीने झाकण फिरवलं.

"टाकला बघा उसासा," कमळा म्हणाली.

"कोनी?"

"गाडीनं. झाकन काढला का टाकते ना फुस्स करून. उसासा टाकला का मंग चालू व्हते."

"दर टायमाला?"

"तुमाला ऐकू येत न्हाय का? त्या फटफटीनं कान गेले तुमचे."

रामनाथने झाकण उलटं केलं. सुलटं केलं. वर मधोमध एक बारीक भोक असायला हवं होतं. पेट्रोल खाली गेलं की तिथून हवा आत यायची. भोक दिसत नव्हतं. तिथे कुंकू होतं. तेलात भिजलेलं, धूळ धरलेलं, थरावर थर, दगडासारखं.

हवा नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडलं की हवा आत जाते. लावलं की पुन्हा तोंड बंद.

गाडी बंद पडायची म्हणून ती थापायची. ती थापायची म्हणून गाडी बंद पडायची.

तो टाकीला टेकला. झाकण तसंच लावून गप्प बसलं असतं, तर तासाभरात सगळं संपलं असतं. काचेची खोली. एसटी. शेक. खूप बरं वाटलं त्याला, क्षणभर.

"काय झाला?" कमळाने विचारलं. "आवो, बोला ना."

"तुजी पिन दे गो."

तिच्या बांगड्यांना सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. तिने एक काढून दिली. रामनाथने टोकाने भोक कोरलं. लाल काळा भुगा तळहातावर पडला. कमळाने वाकून पाहिलं आणि ओळखलं.

"म्हंजे मीच…"

"मडगार्डवर लावत जा आता."

"मडगार्डला पोट असता का?" ती म्हणाली, पण आवाज पडला होता. मग तिने त्याच्या हातातला भुगा पदराच्या टोकात घेतला आणि गाठ मारली.

पुढचा रस्ता न तुटता गेला, खड्ड्यातून, आडव्या ट्रेलरच्या बगलेतून, उडप्याच्या हॉटेलावरून, जिथे दर वेळी आचका यायचा तिथून, आणि तिथे दोघांनीही श्वास रोखला पण आचका आला नाही, नाका आला, एसटी आली, माणसं आली, आणि रामनाथला कळेना की आनंद व्हायला हवा तिथे पाठ एवढी का दुखतेय.

हरेश दारातच होता. गाडी चढवायला फळी लावून दोन माणसं तयार. काचेच्या खोलीत पंखासुद्धा बसवला होता.

"काका, पडली ना बंद वाटेत?"

कमळा हॉटेलची पाटी वाचत उभी राहिली. पाटीवर दोनच शब्द होते, ती वाचतच राहिली.

रामनाथने पंख्याकडे पाहिलं. नडगी चोळली.

"पडली," तो म्हणाला. "पन ती मोजायची न्हाय."

"मग खोलीत काय ठेवू?"

"खुर्ची ठेव एक," रामनाथ आत जात म्हणाला. "मी येऊन बसेन कधीतरी."