दमयंतीबायचा हात

त्या सर्वेशचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. मिरकरवाड्याजवळच्या आमच्या कोळंबीच्या शेडचा तो सुपरवायझर. तोंड गोड, पण मेला आतल्या गाठीचा.

आमची दमयंतीबाय कोळंबी निवडायला लागली की बघत राहावं. एकसारख्या कोळंबीची मूठ भरायची, हातातच वजन कळायचं, की मोठी, मधली, बारकी आपापल्या टबात. बघायचीसुद्धा नाही, गप्पा चालूच. आम्हा सगळ्यांना तिनंच शिकवलं. पण बर्फाच्या पाण्यानं तिची बोटं पार फुटली होती. यंदा मुकादमाची जागा निघणार होती. मुकादम झालं की बर्फात हात घालायला नको. तिला तेवढंच हवं होतं.

गणपतीच्या आधी माल परत आला, आकार मिसळले म्हणून. सर्वेशनं सगळ्यांसमोर तिला झापलं आणि तिच्या एकटीच्या टेबलावर विजेचा काटा आणून ठेवला. प्रत्येक मूठ काट्यावर टाकायची म्हणे! पुढे कळलं, घोळ कोल्ड रूममध्ये झाला होता. मी त्याला म्हटलं, "मग तिला सांगा की!"

"राहू दे. जरा वचक राहतो."

मीच जाऊन तिला सांगितलं. पण काटा टेबलावरच होता, मग माझं कुठलं खरं वाटणार तिला?

हळूहळू तिच्या गप्पा बंद झाल्या. काटा बरोबर दाखवायचा, तरी ती मूठ परत टाकून बघायची. टब अर्धे राहायला लागले. "बघा, मी म्हणत होतो ना," असं सर्वेश सगळ्यांना ऐकवायचा.

मुकादम निवडायला मुंबईचे साहेब आले आणि नेमकी लाईट गेली. जनरेटर फक्त कोल्ड रूमला. दारातून उजेड येत होता, आमचे हात चालूच राहिले. दमयंतीबाय मूठ धरून उभी.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काटा बंद हाय."

"अगो बाय, टाक की! तुला कशाला हवाय काटा?" मी ओरडले. तिनं मूठ परत ढिगात सोडली.

मुकादम मला केलं. लाज वाटली, संताप आला. पहिलं काम काय केलं, तर तो काटा उचलून माळ्यावर टाकला. म्हटलं, आता तरी हात मोकळा होईल.

थोड्या वेळानं ती माझ्या खुर्चीसमोर आली. फुटलेल्या बोटांतून पाणी गळत होतं.

"सगुणा, काटा दे गो," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या."