होड्यांच्या धक्क्यावरचा खटका

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. सरोवराकाठच्या लाकडी धक्क्यावर, एका खांबावरच्या पेटीत मी राहतो. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडले आहे का, याची मला नेहमीच शंका वाटत आली आहे. तरी सांगतो.

माझे काम साधे आहे. तारेतून जितकी वीज जाते, तितकी परत येते की नाही, एवढेच मी पाहतो. कमी आली, तर ती कुठेतरी गळते आहे असे समजून मी खाली पडतो आणि वीज बंद करतो. कारखान्यात एका मुलीने माझ्या पोटावरचे छोटे बटण दाबले, मी पडलो, आणि तिने समाधानाने मान हलवली. पडल्याबद्दल मिळालेली ती माझी पहिली शाबासकी. शेवटचीही, असे मला पुढे बरीच वर्षे वाटत होते.

धक्क्याचे मालक किसाबुरो आणि त्यांच्या पत्नी तोयोको. त्यांच्याकडे पायाने चालवायच्या होड्या पुष्कळ. पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी विजेवर चालणारे पांढरे हंसही होते, म्हणजे हंसाच्या आकाराच्या होड्या. संध्याकाळी गिऱ्हाईक परतले, की किसाबुरो हंसांना चार्जिंगला लावत. त्याच वेळी तोयोकोबाई बादली आणि लांब दांड्याचे लाकडी ओगराळे घेऊन येत आणि उन्हाने तापलेल्या फळ्यांवर पाणी शिंपडत. सासूबाईंनी घालून दिलेला तो रिवाज होता. फिरायला येणाऱ्यांच्या पायांना गारवा मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू.

त्या उन्हाळ्यात मी रोज पडू लागलो. बाईंचे शिंपण व्हायचे, आणि मी खाली. किसाबुरो मला वर करायचे, मी पुन्हा पडायचो. शेवटी कंटाळून ते घरी जायचे आणि सकाळी हंस अर्धपोटी निघायचे. एकदा तर दोन वृद्ध बहिणींना घेऊन एक हंस सरोवराच्या मध्यावरच थांबला. किसाबुरोंनी दोरी बांधून तो ओढत आणला. बहिणींनी हसून विचारले, की हंसाला झोप लागली होती का. सगळा धक्का हसला. किसाबुरो तेवढे हसले नाहीत. त्या दिवसापासून ते मला भित्रा, आळशी, म्हातारचळ लागलेला म्हणू लागले.

खरे सांगू? मलाही ते पटू लागले. वीज गळताना मी पाहत नाही, मला फक्त जाणवते. जाणिवेवर किती विश्वास ठेवावा? कारखाना सोडल्यापासून ते बटण कुणी दाबलेच नव्हते. आपण खरेच बिघडलो असू, असे वाटे. तरी ओल्या फळ्यांवर बाईंच्या भिजलेल्या गवती सपाता दिसल्या, की पडल्यावाचून राहवत नसे.

मग तोयोकोबाई आजारी बहिणीकडे काही दिवस राहायला गेल्या. फळ्या कोरड्या राहिल्या आणि मी एकदाही पडलो नाही. किसाबुरो खूश झाले. पण बाई परतल्या, त्याच संध्याकाळी त्यांनी पाणी शिंपडले आणि मी पडलो.

किसाबुरो पेचकस आणि तारेचा तुकडा घेऊन आले. मला मधून काढून तार सरळ जोडून टाकायची, असे त्यांनी ठरवलेच होते. तसे झाले असते, तर त्या ओल्या फळ्यांवर बाईंना वाचवणारे कुणीच उरले नसते. आणि मला तर तोंड नव्हते.

ओगराळे हातात तसेच धरून बाईंनी विचारले, "अहो, मी नव्हते तेव्हा पडला का हा?"

"नाही. अगदी शहाण्यासारखा वागला. तू नसलीस की सगळेच शहाण्यासारखे वागतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी ओगराळ्याकडे पाहिले, मग पायांखालच्या पाण्याकडे.

"म्हणजे मी पाणी शिंपडलं की पडतो. सासूबाईंच्या वेळी इथं पाणी होतं, वीज नव्हती. मी याच पाण्यात उभी आहे. तो रोज सांगतोय, आणि तुम्ही त्याचंच तोंड बांधायला निघालात."

किसाबुरोंनी बाईंना कोरड्या पायऱ्यांवर नेऊन उभे केले, घराजवळचा मुख्य स्विच बंद केला आणि मगच फळ्यांवरून हंसांपर्यंत गेलेली चार्जिंगची तार उचलली. फळ्यांच्या फटीत तिचा जोड होता. त्यावरची चिकटपट्टी सुटून आतले तांबे उघडे पडले होते. गेल्या वर्षी तो जोड त्यांनी स्वतःच दिला होता. मग बाईंच्या ओल्या सपाता त्यांनी उचलून उन्हाच्या बाजूला ठेवल्या.

आता वायरमनने बसवलेली नवी, बिनजोड तार खांबांवरच्या आकड्यांना उंच टांगलेली असते. आधी शिंपण, मग फळ्या वाळू द्यायच्या, मग चार्जिंग. पाऊस असला तर हंस उपाशी राहतात, आणि म्हाताऱ्या बहिणी काठावर चहा पितात. दर महिन्याला तोयोकोबाई माझे ते बटण दाबतात.

"आहात ना जागे?" असे त्या विचारतात. मी पडतो. त्या मान हलवतात आणि मला वर करतात.

मित्रांनो, माझा एखादा भाऊ तुमच्याही घरी भिंतीवर असेल. तो वरचेवर पडू लागला, तर रागावू नका आणि ओल्या हाताने त्याला शिवू नका. घरातल्या मोठ्यांना बोलवा. पडणे हे आमचे काम, वर करणे तुमचे. फक्त वर करण्याआधी, हा का पडला, एवढे एकदा विचारा.