आधी शेपूट का आधी फुंकर?

मंगळवार पेठेत गर्दी जमायला कारण लागत नाही, पण त्या दिवशी होतं. कृष्णातचा कुत्रा मेला होता, आणि मरून उठून बसला होता.

माझ्या दारात चटणीच्या मिरच्या वाळत होत्या. अर्धी पेठ त्यांच्यावरून पळत गेली. तिखट उडालं, सगळी गल्ली शिंकायला लागली, आणि त्या शिंकांमधूनच बातमी पुढं सरकली. आमच्या दारात कुत्रा नुसता मेला होता. कोपऱ्यावर जाईपर्यंत तो थंडगार पडला होता. गल्लीच्या तोंडाला बातमी पोचली तेव्हा तो वर जाऊन, यमाच्या रेड्याला चावून परत आला होता.

कुत्रा बॉक्सर जातीचा. छाती ही एवढी, आणि तोंड असं की जन्मल्याबरोबर कुणीतरी त्यावर दार आपटलंय. नाव पैलवान. कृष्णात स्वतः तालमीत फार टिकला नाही, म्हणून नाव कुत्र्याला दिलं आणि आपण फ्लेक्स छापायचा धंदा काढला. पेठेत कुणाचा वाढदिवस असला की चौकातलं आभाळ तोच झाकून टाकतो. ह्या जातीच्या पिल्लांची शेपटं कापायची फॅशन आहे, पण कृष्णातनं विकणाऱ्याला सुनावलं होतं की पैलवानाच्या लंगोटाचं टोक कापत नसतात. ते शेपूट राहिलं म्हणून ही गोष्ट झाली. त्याच आईचं दुसरं पिल्लू, पैलवानाचा सख्खा भाऊ, कुरुंदवाडच्या पद्मावतीअक्कांनी नेलं होतं. त्याचं नाव उस्ताद.

तर झालं ते मी दारातनं पाहिलं. कृष्णात परगावाहून आला, पैलवान आनंदानं उड्या मारत धावला, आणि निम्म्या वाटेत धाडकन आडवा झाला. पाय ताठ, डोळे उघडे. कृष्णातनं रस्त्यात बसून हंबरडा फोडला. तेवढ्यात खांद्याला झोळी लावलेला एक भगव्या लुंगीतला माणूस चालला होता, तो वाकला, काहीतरी पुटपुटला आणि कुत्र्याच्या कानात फुंकर घातली. पैलवान उठला, अंग झाडलं आणि कृष्णातचं तोंड चाटायला लागला.

त्या माणसाचे संध्याकाळपर्यंत फुंकरबाबा झाले. आधी ते जत्रेत पिपाण्या विकायचे हे नंतर कळलं. फुंकायची सवय तिथलीच.

बाबांचं प्रवचन कृष्णातच्या ओसरीवर सुरू झालं. प्राण म्हणजे वायू, तो अंगातनं निसटतो, आणि फुंकर त्याला शेंडी धरून माघारी आणते. परदेशातली माणसं हाच प्राण टाकीत भरून ऑक्सिजन म्हणून विकतात. बाबांची फुंकर मात्र हिमालयात भरलेली, एकदा भरली की जन्मभर पुरते. नाक्यावरच्या टायरवाल्यानं विचारलं, "आन् पंक्चर झाली तर?" बाबांनी डोळे मिटले. टायरवाल्याला लोकांनी मागं ढकललं.

बाबा कृष्णातच्याच घरी राहिले. त्यांना मटण चालायचं, पण रस्सा पांढराच. तांबड्यानं फुंकर तिखट होते म्हणे. कृष्णातच्या बायकोनं ते इतकं मनावर घेतलं की घरातला तांबडा रस्साच बंद झाला. चटणी विकणाऱ्या बाईला असल्या संताचा राग येणारच, पण खरं सांगते, पहिल्या मिरवणुकीत गुलाल मीही उधळला.

कारण मिरवणूक होतीच तशी. पैलवानाच्या डोक्याला फेटा, गळ्यात हार, पुढं हलगी, मागं फटाके. चौकात फ्लेक्स लागला, ‘मृत्युंजय पैलवान’. कुत्रा गॉगल घालून, बाबा गाल फुगवून, आणि खाली शुभेच्छुकांची एवढी तोंडं की कुत्र्यापेक्षा तीच जास्त भुकेली दिसत होती. हलगी कडाडली, फटाक्यांची माळ लागली, आणि पैलवान फेट्यासकट पुन्हा आडवा. बाबा पुटपुटले, फुंकर मारली, पैलवान उठला. मग काय विचारता. हलगी दुप्पट झाली.

पुढं हेच चाललं. मिरवणूक निघाली म्हणून कुत्रा पडायचा, आणि कुत्रा उठला म्हणून मिरवणूक निघायची. कृष्णात प्रत्येक वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. गडमुडशिंगीहून लोक शेळ्यांना फुंकर घालून घ्यायला यायला लागले. एकानं मोटरसायकल आणली होती, तिलाही बाबांनी नाही म्हटलं नाही.

मग एका दुपारी पैलवान माझ्याकडं भाकरी मागायला आला. मी मिरची कांडत होते. बाहेर कुणाच्या तरी सायलेन्सरचा बार झाला आणि पैलवान माझ्या पायाशी कोसळला. बाबा तेव्हा कृष्णातच्या घरी जेवून घोरत होते. मी घाबरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ बाजूला झाला होता आणि आतल्या हिरड्या धुतलेल्या फडक्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. तेवढ्यात मला मिरचीची सणसणीत शिंक आली, आणि पैलवान उठला. हिरड्यांत हळूहळू रंग आला. भाकरीचा त्यानं वास घेतला आणि निम्मी टाकून दिली, हे मात्र त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच.

मी बाहेर जाऊन सांगितलं की बाबा नसतानाही तो उठतो. कृष्णात हसला.

"शिंक म्हंजे वाराच की काकी. बाबांनीच तुमच्या नाकातनं फुंकर घातली."

सगळ्यांना ते पटलं. मला माझ्या नाकाची लाज वाटावी अशा नजरेनं लोक पाया पडायला लागले.

पण त्या पांढऱ्या हिरड्या डोळ्यांसमोरून हलेनात. मग लक्ष ठेवलं तर आणखीही दिसायला लागलं. जिना चढताना पैलवान मधेच बसायचा. कारण नसताना धापा टाकायचा. पूर्वी मांजरामागं गल्ली पालथी घालणारा कुत्रा मांजराकडं नुसता बघून मान फिरवायचा, आणि लोक म्हणायचे, वैराग्य आलं. माझी भाची दीप्ती जनावरांची डॉक्टर आहे, तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, त्याला लगेच आण. शांतपणे आण, वाजवत नको."

कृष्णातनं हात जोडले. "काकी, मेलेल्याला उठवणारा माणूस घरात बसलाय, आन् मी जित्याला दवाखान्यात न्हेऊ? रविवारी बाबांचा सत्कार हाय. लोक काय म्हणतील?"

मग रविवारी दीप्तीच आली.

चौकात मांडव, बाबांना सिंहासनासारखी खुर्ची, शेजारी पैलवान फेट्यात धापा टाकत बसलेला. भला मोठा एलईडी पडदा लावून कृष्णात त्याच्यावर उठण्याचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवत होता. लोक स्टेजकडं बघत होते. दीप्ती पडद्याकडं बघत होती. मधेच मला म्हणाली, "मावशी, शेपूट बघ." मी काही विचारणार, एवढ्यात गर्दीत टेम्पो घुसला.

टेम्पोतनं पद्मावतीअक्का उतरल्या, कुरुंदवाडच्या. तोंड सुकलेलं. त्यांनी आणि ड्रायव्हरनं मिळून जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं काहीतरी जड खाली घेतलं आणि बाबांच्या पायाशी ठेवलं. पदर बाजूला सरकला. पैलवानासारखंच आपटलेलं तोंड. उस्ताद.

हलगीवाल्यानं हलगीवर हात ठेवला.

"ह्येच्या भावाला उठवलासा म्हणून ऐकलं," अक्का म्हणाल्या. "ह्यालाबी उठवा."

बाबा उठले. पुटपुटले, फुंकर मारली. दुसऱ्या कानात मारली. मग मोठ्यानं मंत्र म्हटला, घाम पुसला, गाल फुगवून पुन्हा मारली. साडीचा काठ तेवढा हलला.

"प्राण लांब गेलाय, माई," बाबा म्हणाले.

"लांब म्हंजे किती लांब, महाराज? सकाळी माझ्या हातचं दूध प्याला की ह्यो."

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि श्रद्धा कमी पडली असेल असं काहीतरी बोलले. अक्कांचा आवाज चढला नाही.

"श्रद्धा न्हवती तर टेम्पो करून आले कशाला?"

ह्याचं उत्तर हिमालयात भरलेलं नव्हतं. दीप्ती पुढं झाली, अक्कांच्या शेजारी जमिनीवर बसली, उस्तादच्या अंगावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, ह्याआधी तो कधी पडला होता का. अक्कांनी डोळे पुसले. मुलगा जिनेंद्र सुट्टीला आला की उस्ताद नाचायचा, नाचता नाचता धाडकन पडायचा, आणि आपला आपण उठायचा. "आम्ही हसायचो गं बाळ. नाटकी म्हणायचो त्याला. आज जिनेंद्र दारात आला, ह्यो नाचला, पडला. आम्ही हसत उभे. उठलाच न्हाय."

दीप्ती उठली. "कृष्णातदादा, ते व्हिडिओ जरा सावकाश लावता?"

कृष्णातनं लावले. पडद्यावर पैलवान पडला. बाबा वाकले, पुटपुटत राहिले, पुटपुटत राहिले. आणि सावकाश, पडद्यावर हातभर मोठं दिसणारं शेपटाचं टोक थरथरलं. बाबांचे डोळे तिकडं गेले. मग गाल फुगले. मग फुंकर.

"आयला," टायरवाला म्हणाला, "शेपूट आधी."

दुसरा व्हिडिओ. शेपूट, डोळे, गाल, फुंकर. तिसरा. आता अख्खा चौक कुस्तीच्या पंचासारखा पुढं सरकून बघत होता, आणि टोक हललं की ओरडत होता, हललं, आता फुंकर येणार. आणि यायची. कुणालातरी हसू फुटलं, मग आवरेना. फेटेवाले हसले, हलगीवाला हसला, शुभेच्छुकांनी आपली तोंडं फ्लेक्सवर आहेत हे विसरून पोट धरलं. ह्या गोंधळात खुर्ची रिकामी झाली. बाबा कधी उठले कुणी पाहिलं नाही. पहिल्यांदाच शेपूट हलायच्या आत उठले असणार.

हसला नाही तो कृष्णात. तो एकदा साडीतल्या उस्तादकडं बघत होता, एकदा फेट्यातल्या पैलवानाकडं. "डॉक्टरबाई," त्यानं विचारलं, "म्हंजे ह्यो मेलाच न्हवता?"

"नव्हता. काळजाच्या ठोक्यांची लय तुटते. तेवढा वेळ डोक्याला रक्त पोचत नाही, म्हणून कुत्रं पडतं. लय परत लागली की आपलं आपण उठतं. आनंदानं, पळण्यानं, मोठ्या आवाजानं हे जास्त होतं. ह्या जातीत ते रक्तातनंच येतं, आणि हे दोघं एका आईचे. एखाद्या वेळी लय परत लागतच नाही." दीप्तीनं पैलवानाच्या छातीवर हात ठेवला. "दोघंही पडून पडून सांगत होते, दादा. आपण टाळ्या वाजवत होतो."

कृष्णातनं पैलवानाचा फेटा सोडला. इतक्या हळू की जणू खाली जखम आहे. मग पैलवानाला दोन्ही हातांवर उचलून तो टेम्पोत बसला. पहिल्यांदा दवाखाना, मग कुरुंदवाड, अक्कांनीच ठरवलं. "ह्याला आता घाई न्हाय," उस्तादवर पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "त्याला हाय." मंगळवार पेठेतनं हॉर्न न वाजवता बाहेर पडलेला तो पहिला टेम्पो असावा.

दीप्तीनं पैलवानाच्या छातीला यंत्राचा पट्टा बांधून दिवसभराचे ठोके उतरवून घेतले. कागदावरची रेघ बरी चालता चालता मधेच वेड्यासारखी नाचत होती. गोळ्या सुरू झाल्या, त्या जन्मभराच्या. बरा होईल असं ती म्हणाली नाही. सांभाळता येईल म्हणाली. उस्तादला अक्कांच्या मळ्यात विहिरीजवळ ठेवलं. खड्डा कृष्णातनं खणला.

आठवड्यानं तो माझ्याकडं आला. "काकी, एक फ्लेक्स करायचाय. मजकूर सांगा." मी चटणीच्या पाकिटावरच्या दोन ओळींपलीकडं काही लिहिलेलं नव्हतं, पण सांगितला. ‘मृत्युंजय’ उतरवून तो तिथंच लावला. शुभेच्छुक नाहीत, गॉगल नाही. उस्तादचा एकच फोटो, आणि खाली:

‘उस्ताद, कुरुंदवाड. तो नाटक करत नव्हता.

तुमचं कुत्रं खेळता खेळता पडलं आणि आपोआप उठलं, तर आनंद करू नका. हिरड्या पांढऱ्या पडतात का बघा. धाप लागते का, जेवण सोडतं का, जिन्यात बसतं का बघा. मोबाइल आहेच हातात, व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. फुंकर कुणालाही घालू देऊ नका.’

पेठेत आता नवीन बोलणं रूढ झालंय. कुणी अंगारा लावून दुखणं गेलं म्हणालं, गुप्तधन दाखवणारा आला, कुणाच्या अंगात आलं, की टायरवाला एवढंच विचारतो, आधी शेपूट का आधी फुंकर? सोपा प्रश्न आहे. कुणीही विचारू शकतं, त्याला डॉक्टर व्हावं लागत नाही. काय आधी झालं आणि श्रेय कुणी घेतलं, एवढं डोळे उघडे ठेवून बघायचं. आणि बघायचं ते टाळी वाजवायच्या आधी, कारण टाळीच्या आवाजात कुणाचंतरी पडणं ऐकू येत नाही.

पैलवान परवा एकदा पडला. गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. दारातनं वरात चालली होती. हलगीवाल्यानं त्याला पाहिलं आणि हात वर केला. वरात थांबली, नवरदेव घोड्यावर तसाच. कुणी ओरडलं नाही, कुणी गर्दी केली नाही. कृष्णात गुडघ्यावर बसून मोबाइल धरून होता, मी दीप्तीला फोन लावत होते. आणि सगळी पेठ त्या एका शेपटाच्या टोकाकडं बघत होती.

टोक हललं. पैलवान उठला, अंग झाडलं आणि माझ्या दारात येऊन भाकरीसाठी बसला. मी अख्खी दिली. त्यानं अख्खी खाल्ली.

वरात गल्लीच्या टोकापर्यंत न वाजवता गेली.