चावीवाल्याच्या मुलीची उमेदवारी

एखाद्या माणसाने एकतीस दारे ठोठावावीत आणि एकाही दारामागून ‘कोण आहे?’ एवढासुद्धा प्रश्न येऊ नये, अशी अवस्था चावीवाल्याच्या थोरल्या कन्येची झाली होती. तिने धाडलेल्या अर्जांची संख्या एकतीस होती व आलेल्या उत्तरांची संख्या शून्य. व्हिडिओ बनविणे, त्यास साजेसा मजकूर लिहिणे, लोकांनी बघावे असे काही रोज निर्माण करणे, ज्या कामास कचेऱ्यांमधून ‘कंटेंट’ म्हणतात, त्या कामात तिला इंटर्न म्हणून शिरावयाचे होते. परंतु प्रत्येक जाहिरातीत अनुभव मागितलेला असे, आणि अनुभव मिळावा तर आधी काम मिळाले पाहिजे. पोहता आल्यावाचून पाण्यात उतरू नये, असा तो न्याय होता.

घराची रचना अशी की, पुढे दुकान, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आणि मागे दोन खोल्या. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या व प्रत्येक खिळ्यास कोऱ्या चाव्यांचा एकेक जुडगा टांगलेला असे. आई हयात नव्हती, धाकटा भाऊ सकाळच्या शाळेत जाई. वडिलांची थोरली बहीण घर सांभाळी. तिची जीभ कानशीसारखी होती. घासली की काही ना काही खाली पडायचेच.

“काय महाराणी, आज कुठल्या राजाचा निरोप आला?” आत्या रोज सकाळी विचारी.

“नाही आला, आत्या.”

“घोडं वाटेत लंगडलं असेल.”

बत्तिसाव्या दाराने मात्र उत्तर दिले. एका लहानशा संस्थेने कळविले की, पदवी अथवा अनुभव यांची अट नाही. ‘ज्या कामाकडे कोणी बघत नाही’ असे एखादे काम एका मिनिटाच्या व्हिडिओत दाखवावे. मुदत शुक्रवार, सायंकाळी पाच. निवडक व्हिडिओ शनिवारी संस्थेच्या पानावर सर्वांसाठी ठेवले जातील आणि त्यांच्या कर्त्यांतून एकास सहा महिन्यांसाठी घेतले जाईल.

थोरलीस विषय शोधावयास लांब जावे लागले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार तिने निदान या वेळी केला नाही. बुधवारी एका शिंप्याचे दार अडले असता ती वडिलांबरोबर गेली, त्यांच्या खांद्यावरून मोबाइल धरला आणि त्यांचे हात टिपले. एक वाकडी तार, एक चपटी पट्टी, डाव्या अंगठ्याचा किंचित दाब, आणि चाळीस सेकंदांत कुलूप उघडे. कामात गढलेल्या बापाला लेकीचे काय चालले आहे याचे भान नव्हते. गुरुवारी तिने तो व्हिडिओ पाठविला. तो उत्तम होता, याविषयी तिला शंका नव्हती व ती शंका कोणी घेतलीही नसती.

शुक्रवारी दुपारी जेवताना तिने तो मोठ्या हौसेने घरात दाखविला.

“अगं बाई, हात बघ कसे चालतायत!” आत्या म्हणाली. “तोंडाने दोन शब्द धड बोलत नाहीस, पण बोटं किती बोलकी आहेत रे तुझी!”

चावीवाल्याने व्हिडिओ दोनदा पाहिला. मग हात धुऊन त्याने विचारले, “हे कुणाकुणाला दिसणार?”

“सगळ्यांना, अप्पा. तीच तर गंमत आहे.”

“म्हणजे सगळ्यांना उघडता येणार.”

येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. चावीवाल्याचा एक दंडक होता. बंद कुलूप चावीवाचून उघडावयाचे असले म्हणजे तो गिऱ्हाइकास प्रथम म्हणे, “जरा पाठ फिरवा.” कित्येकांस याचा राग येई. माझेच दार आणि मीच तोंड फिरवू काय, असे ते म्हणत. त्यावर त्याचे उत्तर ठरलेले असे : “दार तुमचं, हात माझा.” गुरूने त्याला हात शिकविण्यापूर्वी हे वाक्य शिकविले होते. ते थोरलीने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले होते की, तिला ते ऐकू येणेच बंद झाले होते.

“असे हजार व्हिडिओ आहेत नेटवर,” ती म्हणाली. “ज्याला शिकायचंय तो कधीच शिकला असेल.”

“असतील. हजार जणांनी शिकवलं म्हणून हजार एकावा मी होऊ?”

“तुमचा चेहरासुद्धा नाही त्यात!”

“कुलूप आहे ना? ते कुलूप मी विकलंय. या गल्लीत निम्म्या दारांना तेच आहे.” तो उठला. “तू काय करायचं ते कर. मला वाटलं ते मी सांगितलं.”

आणि तो दुकानात निघून गेला. त्याने रागावून दोन शब्द सुनावले असते तर थोरलीस भांडता तरी आले असते.

ती रडली नाही. तिने चारही ताटे घासली, त्यांपैकी एक दोनदा घासले. मग ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली व समोरच्या बंद दारांकडे पाहू लागली. तेच कुलूप अकरा दारांवर होते. बाराव्या दारावर ते होते की नव्हते, हे पडद्यामुळे दिसत नव्हते. एक वाजून वीस मिनिटांनी तिने संस्थेत फोन लावला.

“मागे घेताय?” पलीकडील तरुण आश्चर्याने म्हणाला. “लोक एकाचे तीन पाठवतात हो. मागे कोण घेतं?”

“मी घेतेय.”

“आवडलाय तो इथे, सांगून ठेवतो. बघा बुवा. पाचच्या आत दुसरा आला नाही तर नाव गळालं.”

“दुसरा पाठवते.”

दुसरा तिच्यापाशी नव्हता. विषयही नव्हता. ती दुकानात एका कोपऱ्यात बसून राहिली. चावीवाल्याने मान वर न करता चार चाव्या कापल्या. आत्याने मधल्या दाराच्या पडद्याआडून दोघांना, जन्मात प्रथमच, टोमण्यावाचून चहा दिला.

तीन वाजून दहा मिनिटांनी एक परिचारिका आली. रुग्णालयातील रात्रपाळी व तिला जोडून अर्धी दिवसपाळी करून ती परतली होती, आणि चावी घरात राहून दार ओढले गेले होते. चावीवाल्याने पिशवी उचलली. थोरली न सांगता मागोमाग निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद सज्जात पोहोचल्यावर चावीवाला म्हणाला, “जरा पाठ फिरवा.”

परिचारिकेने निमूटपणे तोंड जिन्याकडे केले. जिन्यात दोन पायऱ्या खाली थोरली उभी होती. त्यामुळे आयुष्यात प्रथमच तिला, पाठ फिरविलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा समोरून दिसला. तिने मोबाइल काढला.

“मावशी, तुमचा व्हिडिओ घेऊ? लोकांना दिसेल तो.”

“माझा कशाला गं?”

“परीक्षा आहे.”

“कुणाची? माझी?”

“माझी.”

“मग थांब, केस तरी सारखे करू दे. भूत दिसत असेन.”

“राहू द्या तसेच. छान दिसताय.”

“म्हणजे भूतच हवंय तुला! घे बाई, घे. पण नाव-पत्ता नको घालूस.”

“दोघी गप्प बसा,” मागून चावीवाला म्हणाला. “मला कुलूप ऐकू येत नाहीये.”

तारेचा बारीक खरखराट सुरू झाला. परिचारिकेच्या मुद्रेवर आरंभी संशय होता. डोळे कोपऱ्याकडे वळत व पुन्हा सरळ होत. नंतर ती ओठांत काही मोजू लागली. मोजता मोजता डोळे मिटले आणि ती उभ्या उभ्या पेंगू लागली, इतकी की थोरलीचा मोकळा हात तिला सावरण्यासाठी आपोआप पुढे गेला. तेवढ्यात खटका पडला. डोळे उघडले. दार मोकळे झाल्याचे तिला कळले होते, तरी ती वळली नाही. घसा साफ करून, शाळेतल्या मुलीने विचारावे तसे तिने विचारले, “वळू?”

थोरली दुकानात परतली तेव्हा चारला पाच मिनिटे कमी होती. चित्रीकरण दोन मिनिटांचे होते, त्याचे एक मिनिट करावयाचे होते. तिने संगीत घातले नाही. अक्षरे घातली नाहीत. पुढे आलेला आपला हात कापावा की ठेवावा, यावर वीस मिनिटे घालविली व अखेर ठेवला. पाचला आठ मिनिटे असताना व्हिडिओ गेला. मग तिने तो वडिलांस दाखविला. त्याने चष्मा लावून एकदाच पाहिला.

“तार नाही दिसत,” तो म्हणाला.

“नाही.”

“ही बाई उभी राहून झोपली होती होय? मला वाटलं चिडून गप्प बसलीय.”

शनिवारी तो निवडक व्हिडिओंत संस्थेच्या पानावर आला आणि मंगळवारी संस्थेने तिला भेटीस बोलाविले. कचेरी एका औषधाच्या दुकानावर होती. काचेच्या खोलीत दोघे बसले होते. एक संस्थेच्या प्रमुख बाई, ज्यांचा चहा निवून त्यावर साय धरली होती. आणि दुसरा व्हिडिओ कापून नीटनेटके करणारा मनुष्य, ज्यास सर्वजण ‘कात्री’ म्हणत.

“शेवटचं ते ‘वळू?’ मी कापलं असतं,” कात्री म्हणाला.

“मग काय उरलं असतं?” थोरलीने विचारले.

“सात सेकंद वाचले असते.”

बाई हसल्या. मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, “हे बघ, पहिला व्हिडिओ मी पाहिला होता. हात फार सुंदर आहेत. या बाईचा चेहरा आणि ते हात एकत्र जोडले ना, तर लाखो लोक बघतील. आम्ही तो काढून टाकलाय, पण तुझ्याकडे असेलच?”

“आहे.”

“मग दे. सुरुवातच दणक्यात होईल तुझी.”

थोरलीने खोटे बोलावयाचे मनात आणले होते. पुसून टाकला असे म्हणणे सोपे होते, व त्यावर कोणी पुढे काही विचारले नसते. परंतु ‘आहे’ हा शब्द आधीच तोंडून निसटला होता.

“आहे, पण देणार नाही,” ती म्हणाली. “तेच कुलूप आमच्या गल्लीत अकरा दारांना आहे. बारासुद्धा असतील.”

“इंटर्नशिपवर पाणी पडलं तरी?”

एकतीस अर्ज थोरलीच्या डोळ्यांसमोरून गेले.

“तरी,” ती म्हणाली.

बाईंनी कात्रीकडे पाहिले. कात्रीने छताकडे पाहिले. बाईंनी कागदावर एक ओळ लिहिली व तिच्याखाली रेघ ओढली. “ठीक आहे. कळवू,” एवढेच त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बस थांब्यावर थोरलीने पहिला व्हिडिओ मोबाइलमधून पुसला. तो पुन्हा मिळविता येईल अशा ज्या कप्प्यात जाऊन पडतो, तेथूनही पुसला. ही गोष्ट तिने घरी सांगितली नाही. कोणी विचारलीही नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी पत्र आले. तिला घेतले होते व सोमवारपासून कामावर बोलाविले होते. तिच्या नकाराचा गुण मिळाला की त्याकडे काणाडोळा केला गेला, हे पत्रात नव्हते आणि पुढेही तिला कधी कळले नाही. चावीवाल्याने पत्र हळूहळू वाचून दाखवावयास लावले.

“इंटर्न म्हणजे उमेदवारच ना?” त्याने विचारले.

“तेच, अप्पा.”

“सहा महिने? आम्ही सात वर्षं केली उमेदवारी. पहिली दोन वर्षं नुसत्या चाव्या पुसल्या. तुला काय पुसायला देणार?”

“दुसऱ्यांच्या व्हिडिओखाली अक्षरं घालायची. महिनाभर तरी.”

“हां. तेही पुसण्यासारखंच.” तो समाधानाने म्हणाला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले. “मी बाहेरच्या कामाला गेलो की दुपारी दुकानात कोण बसणार?”

“मी मेले नाही अजून,” आत्या म्हणाली. “या महाराणीला जमतं ते मला जमणार नाही होय? दाखव गं, कुठली चावी कुठल्या खिळ्याला.”

थोरलीने दाखविले. वरची रांग दाराच्या कुलपांची, मधली कपाटांची, खालची पेट्यांची व सायकलींची. आत्याने मान डोलावली, सर्व कळल्याचे जाहीर केले आणि पहिलाच जुडगा चुकीच्या खिळ्याला अडकविला. थोरलीने तो काढून जागच्या जागी लावला आणि पुन्हा वरच्या रांगेपासून सांगावयास सुरुवात केली. सोमवारला अद्याप दोन दिवस होते.